शीर्षकांतील आनंदीबाई : चरित्र, कादंबरी आणि प्रबंध

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्याविषयी मराठीत जे लेखन झाले, त्यात विद्यार्जनाचे क्लेश विपुल आहेत. विद्येचा विचार मात्र विरळ आहे. नवव्या वर्षी विवाह, अल्पवयात अपत्याचा मृत्यू, १८८३ साली कलकत्त्याहून पतीवाचून केलेले प्रस्थान, १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियात मिळालेली एम. डी. ही पदवी आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, पुण्यात आलेला मृत्यू हा कथाक्रम सर्वपरिचित आहे. परंतु त्या पदवीसाठी त्यांनी ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’ या विषयावर इंग्रजीत प्रबंध लिहिला होता, ही गोष्ट बहुधा ओझरत्या उल्लेखाने उरकली जाते. वैद्यकीय संशोधनात निरनिराळ्या समाजांतील व्यक्तींचा प्रवेश का व्हावा, या प्रश्नाचे एक उत्तर त्या उपेक्षित प्रबंधात आहे.

या उपेक्षेचे स्वरूप ग्रंथांच्या शीर्षकांतच दिसते. कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी चरित्राच्या शीर्षकात आनंदीबाईंची ओळख ‘पंडिता रमाबाईंची आप्त’ अशी करून दिली आहे. श्री. ज. जोशी यांच्या १९६८ सालच्या कादंबरीचे नाव ‘आनंदी गोपाळ’ असे आहे. मराठी रूढीनुसार विवाहितेच्या नावापुढे पतीचे नाव प्रत्ययाविना येते. नुसत्या सान्निध्यानेच संबंध व्यक्त होतो. त्यामुळे हे शीर्षक द्वंद्वासारखेही वाचता येते आणि एकाच स्त्रीचे नाव म्हणूनही. कादंबरीचे सारे नाट्य या द्व्यर्थावर उभे आहे. गोपाळरावांचा हट्ट, लहर आणि जिद्द यांमुळे ती वाचकाची पकड घेते, हा तिचा गुण निःसंशय मान्य केला पाहिजे. तथापि त्याची किंमतही मोजावी लागली आहे : पत्नीचे ज्ञान हे पतीच्या इच्छाशक्तीचे फलित ठरते. २०१९ साली आलेल्या चित्रपटानेही तेच नाव स्वीकारले.

काशीबाई कानिटकर यांच्या चरित्राची भूमिका याहून निराळी आहे. तेथे लेखणी स्त्रीची आहे आणि पत्रांचा आधार असल्यामुळे आनंदीबाई स्वमुखाने बोलतात. परंतु पत्र हे स्वभावतःच आप्तांना उद्देशून लिहिलेले असते. अन्न, वस्त्र, हवामान, प्रकृती, धर्म हे त्याचे साहजिक विषय होत. शास्त्रीय जिज्ञासेला त्यात दुय्यम स्थान मिळावे, यात नवल नाही.

प्रबंधाच्या शीर्षकात मात्र नात्याचा लवलेश नाही. तेथे समाज हे अधिकरण आहे, शास्त्र हा विषय आहे आणि जाणणारी व्यक्ती त्या दोहोंच्या बाहेर उभी आहे. या लेखनासाठी आनंदीबाईंनी प्राचीन संस्कृत वैद्यकग्रंथ आणि समकालीन अमेरिकन पाठ्यग्रंथ या दोहोंचा उपयोग केला. त्यांच्या प्रवेशाने विद्यार्थिनींच्या संख्येत केवळ एकीची भर पडली नाही. त्या महाविद्यालयात विचारार्थ येणाऱ्या पुराव्याचे क्षेत्र विस्तारले. मात्र ‘आर्य’ हे विशेषण याच क्षेत्राची मर्यादाही सूचित करते. ज्या सुइणींच्या हातून घरोघरी प्रसूती होत, त्यांचे मौखिक ज्ञान त्या विशेषणात सामावत नाही. एका शिक्षित ब्राह्मण स्त्रीच्या प्रवेशाने दार उघडते. पण दाराबाहेरील सर्वांचे ज्ञान तिच्याबरोबर आत येत नाही. एका प्रतिनिधीवर समाधान मानणाऱ्यांनी हा भेद ध्यानात घ्यावा.

१८५० साली स्थापन झालेल्या या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून रिबेका कोल या कृष्णवर्णीय विद्यार्थिनी १८६७ साली, जपानच्या केई ओकामी व ओमाहा जमातीच्या सुझन ला फ्लेश १८८९ साली, तर सीरियाच्या साबात इस्लामबूली १८९० साली पदवीधर झाल्या. आनंदीबाई, ओकामी व इस्लामबूली यांचे १८८५ सालचे एकत्र छायाचित्र आज वारंवार छापले जाते. छायाचित्रात वेष दिसतो. विचार दिसत नाही. अमेरिकेत १९९३ साली झालेल्या कायद्याने शासकीय साहाय्याच्या रुग्णविषयक संशोधनात स्त्रिया व अल्पसंख्य समाज यांचा समावेश आवश्यक ठरवला. ही सुधारणा महत्त्वाची होय. परंतु अभ्यासविषय होणे आणि अभ्यासक होणे यांत व्याकरणातील कर्म आणि कर्ता यांच्याइतके अंतर आहे. कोणता प्रश्न विचारावा, हे कर्ताच ठरवतो.

‘पहिली’ हे क्रमवाचक विशेषण रांगेतील स्थान सांगते. केलेले कार्य सांगत नाही. मराठी चरित्रलेखनाने आनंदीबाईंना दीर्घकाळ या विशेषणावर ठेवले आहे. त्यांच्या प्रबंधाचे सटीप मराठी संपादन करणे, त्यातील संस्कृत व इंग्रजी परिभाषेची तुलना करणे आणि त्याच्या उणिवाही निर्भीडपणे दाखवणे, हे विद्यापीठीय अभ्यासाचे काम आहे. संशोधकाला दिलेला खरा मान म्हणजे त्याच्या संशोधनाचे परीक्षण. आनंदीबाईंच्या वाट्याला गौरव पुष्कळ आला, हा मान अद्याप पुरेसा आलेला नाही.