संमतीचा कर्ता कोण?

तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने २०१८ साली सिद्ध केलेली व २०१९ पासून पदवी अभ्यासक्रमात आलेली ‘एटकॉम’ पुस्तिका वृत्ती, नीती व संवाद यांचे एकत्र अध्यापन योजिते, हा तिचा गुण होय. परंतु पुस्तिका इंग्रजीत आहे; महाराष्ट्रातील रुग्णाची संमती मात्र बहुधा मराठीतच घडावयाची असते. रुग्णालयात ‘सही घेतली’ असा प्रयोग रूढ आहे. त्यात वैद्य कर्ता, रुग्ण केवळ अपादान. ‘संमती दिली’ म्हणताच रुग्ण कर्ता होतो. प्राणसंकट नसता, निदानापुरती दिलेली संमती शस्त्रक्रियेस पुरत नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा निर्णय रुग्णाचे हेच कर्तृत्व मान्य करितो. नीतिशिक्षणाचा आरंभ या क्रियापदभेदापासूनच व्हावयास हवा.