‘टॉम्स रिव्हर’ : नव्वद, सदुसष्ट आणि एका आईचा प्रश्न

न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींना टॉम्स रिव्हर हे नाव बहुधा गार्डन स्टेट पार्कवेवरच्या पाटीमुळेच माहीत असतं. उन्हाळ्यात मुलांना घेऊन सीसाईड हाइट्सच्या समुद्रावर जायचं, तर ८२ नंबरच्या एक्झिटला बाहेर पडायचं, एवढाच आपला त्या गावाशी संबंध. याच नावाचं डॅन फेगिन यांचं पुस्तक २०१३ साली आलं आणि पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं. मी ते हौसेने विकत घेतलं आणि कपाटात ठेवून दिलं. वाचलं मात्र एका वहिनींच्या प्रश्नामुळे.

एका मित्राच्या सात वर्षांच्या मुलाला सकाळी उठलं की डोकेदुखी आणि उलट्या सुरू झाल्या. पुढे चालताना तोल जाऊ लागला. लहान मेंदूत गाठ निघाली, मेड्युलोब्लास्टोमा. शस्त्रक्रिया, रेडिएशन, केमोथेरपी असं सगळं झालं. मुलगा आज शाळेत जातो. पण एका रात्री, सगळे जेवून उठल्यावर वहिनी मला म्हणाल्या, ‘‘भावोजी, तुम्ही पीएच.डी. केलीय, दिवसभर आकड्यांत असता. खरं सांगा, इथल्या पाण्यात काही असेल का हो? आम्ही पुण्यातच राहिलो असतो तर?’’

मी काही डॉक्टर नाही. माझी पीएच.डी. इंजिनिअरिंगमधली, पोट सॉफ्टवेअरवर. त्या रात्री मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन हे पुस्तक काढलं.

फेगिन यांची गोष्ट थोडक्यात अशी. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने या गावात रंगांचा मोठा कारखाना काढला. गावाला रोजगार मिळाला आणि कारखान्याचं सांडपाणी जमिनीत आणि नदीत मुरत राहिलं. १९७१ साली युनियन कार्बाइडच्या (भोपाळमुळे हे नाव आपण विसरणं शक्य नाही) बाउंड ब्रुकच्या कारखान्यातला रासायनिक कचरा हजारो पिंपांतून रीच फार्म नावाच्या शेतजमिनीवर आणून टाकला गेला. ती रसायनं भूजलात उतरली आणि गावाला पाणी पुरवणाऱ्या पार्कवेजवळच्या विहिरींपर्यंत पोचली. १९९५च्या सुमाराला फिलाडेल्फियाच्या मुलांच्या इस्पितळातल्या एका परिचारिकेला जाणवलं, की आपल्या कॅन्सर वॉर्डात या एकाच गावाची मुलं फार दिसतात.

इथून पुढे कॅन्सर रजिस्ट्री गोष्टीत येते. कॅन्सरच्या प्रत्येक नव्या रुग्णाची नोंद ठेवायला न्यू जर्सीने १९७८च्या अखेरीस सुरुवात केली होती. ती चाळून पाहता डोव्हर टाउनशिपमध्ये (गावाचं हे अधिकृत नाव २००६ साली बदलून टॉम्स रिव्हर झालं) १९७९ ते १९९५ या काळात मुलांच्या कॅन्सरचे ९० रुग्ण निघाले. राज्याच्या सरासरीने ६७ अपेक्षित होते. जास्तीच्या रुग्णांत मेंदू-मज्जासंस्थेच्या गाठी आणि ल्युकेमिया ठळक होते.

वाचता वाचता मी पेन्सिल घेतली. अपेक्षा ६७ची असेल तर केवळ योगायोगाने आकडा साधारण आठाने इकडेतिकडे हलतो. इथे फरक २३चा. एखाद्या गावात निव्वळ नशिबाने असं घडण्याची शक्यता हजारात चारच्या आसपास येते. म्हणजे पुरावा सापडला? थांबा. न्यू जर्सीत साडेपाचशेहून जास्त नगरपालिका आहेत. गावं कमीअधिक मोठी असली, तरी ढोबळ हिशेबाने त्यांतल्या एखाद-दोन गावांत असा फुगवटा काहीही कारण नसताना दिसणारच. भिंतीवर आधी गोळ्या झाडायच्या आणि मग जिथे जास्त भोकं पडली त्याभोवती वर्तुळ काढून नेम दाखवायचा, असा हा प्रकार होऊ शकतो. टॉम्स रिव्हरची केस वेगळी ठरते, कारण तिथे पिंपं खरी होती आणि दूषित विहिरीही खऱ्या होत्या.

फेगिन हा तिढा लपवत नाहीत, हे पुस्तकाचं मोठं बळ. चिमण्या साफ करणाऱ्यांच्या कॅन्सरबद्दल १७७५ साली लिहिणारे पर्सिव्हल पॉट, कॉलऱ्याचं मूळ पाण्यात शोधणारे जॉन स्नो, कृत्रिम रंग बनवणारे पर्किन अशा माणसांतून ते संख्याशास्त्राचा आणि रसायनांचा इतिहास हलक्या हाताने सांगतात. पाचशेच्या आसपास पानं आहेत, पण कंटाळा येत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. गोष्ट सांगण्याच्या कलेलाच एक खोड असते. आधी पिंपं दाखवली आणि मग आजारी मूल दाखवलं, की मधली रेघ वाचक स्वतःच ओढतो. प्रत्यक्षात काय झालं? आजारी मुलांची निरोगी मुलांशी तुलना करणाऱ्या अभ्यासाचे निष्कर्ष डिसेंबर २००१मध्ये जाहीर झाले. आई गरोदर असताना त्या विहिरींचं पाणी पिणं आणि मुलींमधला ल्युकेमिया यांत संबंध दिसला. मेंदूच्या गाठींबाबत सुसंगत असं काही हाती लागलं नाही. त्याच महिन्यात कंपन्यांनी ६९ कुटुंबांशी तडजोड केली, रक्कम गुप्त राहिली. फेगिन हे सगळं प्रामाणिकपणे नोंदवतात. पण पुस्तक मिटल्यावर मनात राहतं ते ‘पाण्यामुळे मुलांना कॅन्सर झाला’ एवढंच वाक्य. ‘मुलांचा कॅन्सर’ या एका नावाखाली कितीतरी वेगळे आजार आहेत, आणि ज्या आजाराबद्दल माझ्या वहिनी विचारत होत्या तो नेमका उत्तराविना मागे राहिला. पुस्तकाच्या उपशीर्षकात सॅल्व्हेशन, म्हणजे उद्धार, असा शब्द आहे. मेंदूची गाठ झालेल्या मुलांच्या आईवडिलांना तो कसा वाटत असेल?

या पुस्तकाच्या जोडीला मी १९९८ सालचा माल्कम स्मिथ आणि सहकाऱ्यांचा निबंध वाचावा असं सुचवीन. देशभरच्या निवडक रजिस्ट्र्यांच्या १९७३ ते १९९४च्या नोंदींत मुलांच्या मेंदूच्या घातक गाठी वाढलेल्या दिसत होत्या आणि लोक घाबरले होते. या मंडळींनी दाखवलं, की आलेख चढणीसारखा नाही, पायरीसारखा आहे. १९८४-८५च्या सुमाराला एकदम उडी आणि त्याच्या आधी-नंतर बहुतेक सपाट. नेमका हाच एमआरआय सर्वत्र येण्याचा काळ. मृत्युदर मात्र तसा वाढला नाही. आमच्या धंद्यात हे रोजचंच आहे. नवी देखरेख-यंत्रणा बसवली, की पहिल्याच आठवड्यात चुकांचा आकडा वाढतो. प्रोग्राम बिघडलेला नसतो, आपल्याला दिसायला लागलेलं असतं. पुढे २००२च्या कायद्याने मेंदूच्या सौम्य गाठींचीही नोंद २००४पासून देशभर सुरू झाली. हे विसरून कोणी आलेख काढला तर तिथेही खोटी उडी दिसेल.

रजिस्ट्रीची आणखी एक मर्यादा आपल्याला विशेष लागू आहे. तिच्यात निदानाच्या दिवशीचा पत्ता असतो. आई गरोदर असताना कुठे होती, ते नसतं. आपली माणसं पुण्याहून एडिसनला, तिथून डॅलसला, पुन्हा जर्सीला फिरत असतात. वहिनींचा प्रश्न त्या नोंदीत मावतच नाही.

म्हणून नोंदी निरुपयोगी का? मुळीच नाही. त्या नसत्या तर परिचारिकेची शंका शंकाच राहिली असती. आपल्याकडेही मुंबईची कॅन्सर रजिस्ट्री १९६३पासूनची, देशातली पहिली. बार्शीला १९८७ साली खेड्यांसाठी रजिस्ट्री सुरू झाली आणि तिची माणसं बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या गावोगाव फिरून रुग्ण शोधू लागली. आता रंगांचे कारखाने अमेरिकेतून उठून आशियात गेले आहेत. वापी, अंकलेश्वर, तारापूर ही नावं आपल्याला परकी नाहीत. तिथली मुलं कोण मोजतं, हा प्रश्न हे पुस्तक वाचून मराठी माणसाच्या मनात आला नाही तर नवल.

पुस्तक संपवून मी वहिनींकडे गेलो. त्यांना म्हटलं, मुलांच्या मेंदूच्या गाठींची पक्की माहीत असलेली कारणं दोनच, जास्त मात्रेचं रेडिएशन आणि काही थोडे आनुवंशिक दोष. बहुसंख्य मुलांच्या बाबतीत कारण सापडत नाही. अमेरिकेला आलात म्हणून झालं असं म्हणायला मला एकही आकडा सापडला नाही.

त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘‘आपल्या बाळाची नोंद झाली असेल ना त्या वहीत?’’

‘‘झाली आहे. इस्पितळाला कायद्याने करावीच लागते.’’

‘‘मग राहू दे. कधीतरी कुणाच्या तरी उपयोगी पडेल.’’

फेगिन यांचं पुस्तक जरूर वाचा. वाचताना हातात पेन्सिल असू द्या, आणि मधली रेघ ओढण्यापूर्वी दोनदा थांबा.