तोफा जपल्या, कारण गाळलं

साचा पुसून लखलखीत ठेवला म्हणून साच्यावरच्या कामगाराची कदर होत नाही, हे मी गिरणीत रोज बघतो. अमेरिकेच्या यादवी युद्धातलं गेटिसबर्गचं रणांगण असंच राखलंय. लढाई १८६३ ची, सरकारी जतन १८९५ पासून. तोफा, कुंपणं, पलटणींचे दगड जागच्या जागी. पण युद्ध पेटलं गुलामगिरीपायी, हेच मागं सारलं. १९१३ साली दोन्हीकडच्या म्हाताऱ्या गोऱ्या शिपायांनी तिथं हात मिळवले. भांडण मिटलं म्हणे! कुणाचं? लढायला उतरलेल्या पावणेदोन लाखांवर काळ्या सैनिकांचं? रणांगणांवर गुलामगिरीबद्दलही सांगा, असं त्यांच्या संसदेला १९९९ साली बजावावं लागलं. आपल्या जोतिबांनी मात्र १८७३ सालीच 'गुलामगिरी' हा ग्रंथ त्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केला. मी म्हणतो, आधी कारण जपा. मग तोफा पुसा.