आवाज येण्याआधी : सूसच्या शेडमधून गॉथिक रॉककडे

गेल्या वर्षी नवरात्रात तीन मुलगे आणि एक मुलगी माझ्या दारात आली. "काकू, आमचा ई.पी. येतोय. त्याच्यासाठी चार ओळी लिहून द्या ना." चार ओळी म्हणजे ओळख, थोडी भलामण आणि खाली माझे नाव. मी कॉलेजात तीस वर्षे इंग्रजी साहित्य शिकवले आहे. मागितलेली प्रस्तावना कशी लिहायची हे मला चांगले ठाऊक आहे. तरीही त्या चार ओळी मला जमल्या नाहीत. का जमल्या नाहीत, हे शोधताना हा लेख झाला.

ही चौघे सूसची. बेस वाजवणारा गावठाणातला, त्याचे आजोबा इथेच शेती करत. गाणारा आणि कीबोर्डवाला आमच्यासारख्या इमारतींतले, ड्रम वाजवणारी मुलगी पलीकडच्या सोसायटीतली. बेसवाल्याच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. तिच्यात पूर्वी गुरे असत. आता भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले आहेत आणि वर पाऊस पडला की आतले काहीही ऐकू येत नाही. संध्याकाळी फिरून येताना मी तिथे टेकते. बँडचे नाव मी इथे देत नाही, कारण ते त्यांनी आतापर्यंत तीनदा बदलले आहे. संगीताचा प्रकार मात्र पहिल्या दिवसापासून ठरलेला : गॉथिक रॉक.

सूसमध्ये गॉथिक रॉक, हे ऐकून माझी एक मैत्रीण खूप हसली होती. ना किल्ला, ना कॅथीड्रल, ना धुके. पाषाणकडून खिंड ओलांडली की टेकडीच्या कुशीत उभे राहिलेले मनोरे, मध्ये राहून गेलेले एखादे शेत, दगडाच्या जुन्या खाणी आणि खडीचे ट्रक. जून २०२१ मध्ये पुणे महापालिकेत जी तेवीस गावे घेतली गेली, त्यांत हेही गाव होते. तालुका मुळशी, महापालिका पुण्याची, आणि पाणी बरेचदा टँकरचे.

मैत्रिणीच्या हसण्यामागे एक समजूत होती आणि ती बहुतेकांची असते. गॉथिक म्हणजे होरेस वॉल्पोलची १७६४ ची कादंबरी, पडका वाडा, तळघर, भूत. १९६७ मध्ये एका अमेरिकी कॉलेजच्या वृत्तपत्रात 'डोअर्स' या बँडबद्दल 'गॉथिक रॉक' हा शब्द वापरला गेला, तेव्हाही मनात हीच चित्रे असणार. पण बारा-पंधरा वर्षांनी ज्या बँडांमुळे हा प्रकार उभा राहिला, ते कुठले होते ते पाहावे. बाउहाउस नॉर्दॅम्प्टनचा, म्हणजे बूट बनवणाऱ्या गावाचा. सिस्टर्स ऑफ मर्सी लीड्सचा. द क्युअर ससेक्समधल्या क्रॉलीचा. क्रॉली हे १९४७ मध्ये 'नवे शहर' म्हणून घोषित झालेले गाव. लंडनची गर्दी हलवण्यासाठी तिथे घरे बांधली, कारखाने आणले. द क्युअरच्या १९७९ च्या पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर तिघा वादकांऐवजी तीन वस्तू आहेत : फ्रिज, उभा दिवा आणि व्हॅक्यूम क्लीनर. वटवाघूळ नाही, थडगे नाही. नव्या फ्लॅटमध्ये हप्त्यांवर घेतलेले सामान. (ससेक्स आणि सूस यांच्या नावातल्या साम्याला काहीही अर्थ नाही, पण माझ्या विद्यार्थ्यांना मी तो विनोद ऐकवल्याशिवाय राहिले नसते.)

म्हणजे सूस हे या संगीतासाठी आडवळणाचे ठिकाण नाही. आडवळणाचे आहे ते आमच्या बँडच्या गाण्यांतले ठिकाण. त्यांच्या पाचपैकी चार गाण्यांत इंग्रजी तळघरे आणि कावळे आहेत.

पण मला अडवले ते शब्दांनी नव्हे. माझ्याकडे त्यांची दोन रेकॉर्डिंग्ज आहेत. पहिले फोनवर केलेले, तिघे असतानाचे. तेव्हा ड्रमर मिळाला नव्हता, ठेका एका अॅपवर लावलेला. दुसरे त्यानंतर सव्वा वर्षाने, एका ओळखीच्या स्टुडिओत केलेले. या दोहोंमधल्या प्रवासाबद्दल ती चौघे भरभरून बोलतात. "आधी आमचा साउंड रिकामा होता, काकू. आता भरलाय." कीबोर्डवर व्हायोलिनांचा ताफा आला, लॅपटॉपवर चर्चमधल्या समूहगानाचा आवाज आला, गिटारला दोन पेडल वाढली. गाणाऱ्याचा आवाज आता दहाव्या सेकंदाला येतो. "लोक स्किप करतात ना," तो म्हणाला. सगळे खरे आहे. वादन सुधारले आहे, मुलगी तर फार चांगली वाजवते. तरी पुन्हा ऐकावेसे वाटते ते पहिलेच.

हा माझा म्हातारपणाचा हट्ट असेल, अशी शंका मलाही आली. म्हणून मी मागे गेले.

जानेवारी १९७९ मध्ये वेलिंगबरोच्या एका लहान स्टुडिओत बाउहाउसने आपले पहिले गाणे ध्वनिमुद्रित केले. एकत्र येऊन त्यांना जेमतेम काही आठवडे झाले होते. 'बेला लुगोसीज डेड' हे ते गाणे, नऊ मिनिटांहून मोठे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते बाहेर आले. सुरुवातीला केव्हिन हॅस्किन्सचा ठेका, बोसा नोव्हाच्या जवळ जाणारा, काठावर टिकटिकणारा. मग डेव्हिड जेचा बेस, पायऱ्या उतरल्यासारखा खाली येणारा. मग डॅनियल अॅशची गिटार, जी सूर वाजवण्यापेक्षा खरवडते. यावर प्रतिध्वनीचा जो खेळ आहे तो जमैकाच्या डब संगीताचा : एखादा आघात सोडून द्यायचा आणि तो विरेपर्यंत त्याच्यामागे कान न्यायचा. गायक पीटर मर्फी कुठे आहे? तो नाही. मिनिट जाते, दोन मिनिटे जातात, तिसरे संपत येते, तेव्हा आवाज येतो.

भय असेल तर ते त्या तीन मिनिटांत आहे. शब्द आल्यावर ते उलट थोडे सैल होते. आणि शब्द कोणाबद्दल आहेत? पिशाच्चाबद्दल नाही, पिशाच्चाचे काम करणाऱ्या नटाबद्दल. बेला लुगोसीने १९३१ च्या चित्रपटात ड्रॅक्युला रंगवला आणि पुढे ती भूमिका त्याला सोडेना. १९५६ मध्ये तो गेला तेव्हा त्याला ड्रॅक्युलाच्या झग्यातच पुरले. गॉथिक रॉकचे जे आद्यगीत मानले जाते, ते वेशभूषेत अडकून मेलेल्या माणसाचे गाणे आहे. काळे कपडे चढवणाऱ्या पुढच्या किती बँडांना हे जाणवले असेल, देव जाणे.

अडचणीतून निघालेले असे बरेच काही या संगीतात आहे. जॉय डिव्हिजनचा पीटर हुक बेसच्या वरच्या पट्टीत का वाजवायचा? गिटारच्या आवाजापुढे खालच्या पट्टीत त्याला स्वतःचेच वादन ऐकू येत नसे, असे त्याने सांगून ठेवले आहे. त्यातून बेस हे धून वाजवणारे वाद्य झाले आणि मधला प्रदेश मोकळा राहिला. सिस्टर्स ऑफ मर्सीने माणसाऐवजी ड्रम मशीन ठेवले, त्याला 'डॉक्टर अॅव्हलांच' असे नाव दिले आणि पुढेही ते सोडले नाही. ते यंत्र थकत नाही, चुकत नाही, गाण्याच्या भावनेशी त्याला देणेघेणे नाही. त्याच्यासमोर अँड्र्यू एल्ड्रिचचा खर्जातला आवाज अधिक एकटा वाटतो. आमच्या मुलांच्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये फोनचा ठेका नेमके हेच करत होता, त्यांना कळण्याआधी.

इथवर आल्यावर मला सोपा निष्कर्ष मिळाला होता : कमी वाद्ये चांगली, जास्त वाईट. तो लिहून मी मोकळी होणार होते. पण तो टिकत नाही. त्याच सिस्टर्स ऑफ मर्सीने १९८७ च्या अल्बममध्ये चाळीस जणांचे समूहगान आणले आणि ते गाणे कोसळले नाही. द क्युअरचा १९८९ चा 'डिसइंटिग्रेशन' तर कीबोर्डच्या थरांनी काठोकाठ भरलेला आहे. १९८० चा 'सेव्हन्टीन सेकंड्स' त्यापुढे अगदी हाडकुळा. मग भरल्यामुळे बिघडते, हे कसे म्हणायचे?

'डिसइंटिग्रेशन' पुन्हा ऐकताना घड्याळ लावले. पहिल्याच गाण्यात रॉबर्ट स्मिथचा आवाज यायला अडीच मिनिटांहून जास्त लागतात. वाद्ये खूप आहेत, पण कोणालाही घाई नाही. एक थर येतो, बसतो, मग दुसरा. आणि १ नोव्हेंबर २०२४ ला, सोळा वर्षांच्या खंडानंतर, द क्युअरचा 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' आला. स्मिथ तेव्हा पासष्ट वर्षांचा. आई, वडील आणि भाऊ गमावल्याचे दुःख या गाण्यांमागे आहे. त्यातल्या पहिल्या गाण्यात आवाजासाठी तीन मिनिटांहून जास्त थांबावे लागते. स्किप करणाऱ्यांच्या काळात, आणि तरी हा अल्बम इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला.

तेव्हा प्रश्न वाद्यांच्या संख्येचा नाही, गायकाला किती वेळ गप्प उभे राहता येते याचा आहे. आपल्याला विलंबित ख्यालाची सवय आहे, त्यामुळे थांबणे नवे नाही. पण आलापात गायक स्वतःच तो वेळ भरतो. इथे तो मंचावर असतो आणि भरत नाही. ऐकणाऱ्याला त्याच्या न येण्यासोबत बसावे लागते. स्मिथ विशीत हे करत होता आणि पासष्टीतही करतो आहे. फरक एवढाच, की आता त्या रिकाम्या जागेत कोण नाही, हे त्याला नावानिशी माहीत आहे. या बँडची वाढ मला तिथे दिसते. मुलाखतींत वाढीबद्दल बोलताना बँड वाद्ये, निर्माते आणि तंत्र सांगतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, मोजता येते तेच माणूस सांगतो.

शिक्क्यांचेही तसेच. आपण 'गॉथ' नाही, असे स्मिथ वर्षानुवर्षे सांगतो आहे. एल्ड्रिचलाही तो शब्द नको असतो. हे मला ग्रेस यांच्यावरच्या 'दुर्बोध' या शिक्क्याची आठवण करून देते. १९६७ च्या 'संध्याकाळच्या कविता'पासून तो चिकटला तो चिकटलाच. 'महाश्वेता' मालिकेचे शीर्षकगीत मात्र घराघरांत लोक डोळे पुसत ऐकत होते आणि दुर्बोधतेची तक्रार कोणी करत नव्हते. अंधार मराठीला परका नाही, हे आमच्या मुलांना मी याच उदाहरणाने सांगितले. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांचीही नावे सांगितली. दोघांच्याही कथांत भीती येते ती ओळखीच्या घरातून, शेजाऱ्याच्या दारातून. तिला परदेशी किल्ल्याची गरज पडत नाही. मुलांनी ऐकून घेतले. 'तुंबाड' चित्रपट मात्र त्यांनी चारचारदा पाहिला होता, हेही नोंदवले पाहिजे.

पाचवे गाणे मराठीत आहे. बेसवाल्याने लिहिलेले, खाणीच्या पाण्याने भरलेल्या खड्ड्याबद्दल. लहानपणी तिकडे जायचे नाही, असे आजी बजावत असे, आणि आता बाराव्या मजल्यावरून तो खड्डा लोकांना 'लेक व्ह्यू' म्हणून दिसतो. विनोद म्हणून रचलेले, म्हणून ई.पी.त घेतलेले नाही. "काकू, ते सीरियस नाहीये," गायक म्हणाला. बेसवाला काही बोलला नाही.

दिवाळीच्या आधल्या आठवड्यात मी शेडमध्ये गेले तेव्हा कीबोर्डवाला परीक्षेमुळे आला नव्हता. लॅपटॉपही त्याच्याकडेच. वेळ काढायचा म्हणून त्यांनी ते गाणे घेतले. मुलीने फक्त काठीने कडेवर ठेका धरला. बेस सुरू झाला आणि गायक शब्द विसरला, निदान मला तसे वाटले. तो फोनमध्ये ओळी शोधत राहिला आणि ती दोघे वाजवत राहिली. बाहेर खडीचा एक ट्रक चढावर गिअर बदलत गेला. गायकाला ओळ सापडली होती, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळले. तरी तो लगेच गायला लागला नाही.

त्या रात्री मी दोन ओळी लिहिल्या. त्या या गाण्याबद्दल आहेत, ई.पी.तल्या चारांबद्दल नाहीत, हे मी मुलांना सांगितले. छापायच्या की नाही, ते कीबोर्डवाल्याची परीक्षा संपल्यावर त्याला विचारून ठरवणार आहेत.