नांदगाव आणि नांदगाव खंडेश्वर : शेलच्या आज्ञेतील पदच्छेदाचा प्रश्न

नांदगाव हे नाशिक जिल्ह्यातील तालुक्याचे गाव, मुंबई-भुसावळ लोहमार्गावरचे एक स्थानक. नांदगाव खंडेश्वर हा अमरावती जिल्ह्यातील तालुका. दुसऱ्या नावाचे पहिले पद म्हणजे पहिले नाव, जसेच्या तसे. माणसाचा यात घोटाळा होत नाही. परंतु सी भाषेतील एखाद्या संकलित आज्ञावलीने तालुक्याचे नाव एका वाक्यात गुंफून ते वाक्य ‘सिस्टिम’ या फंक्शनच्या स्वाधीन केले, की चित्र पालटते. ‘सिस्टिम’ ते वाक्य शेलपुढे ठेवते, शेल मोकळ्या जागेपाशी त्याचे तुकडे करते, आणि आज्ञेच्या हाती ‘नांदगाव’ व ‘खंडेश्वर’ अशी दोन मूल्ये पडतात. पहिलेच मूल्य वाचणारी आज्ञा मग अमरावतीचे काम नाशिकच्या दप्तरात करून मोकळी होते. यात चूक झाल्याची कोणतीही सूचना उमटत नाही. कारण ‘नांदगाव’ हेही खरेच नाव आहे. निरर्थक तुकडा हाती आला असता तर आज्ञेने निदान तक्रार केली असती.

मोडी लेखनात शब्द सुटे लिहिण्याचा प्रघात नव्हता. पदच्छेद वाचणारा करी, आणि तो अर्थाच्या आधारे करी. शेलही पदच्छेदच करते, पण अर्थाविना. म्हणून प्रश्न असा की, ज्या आज्ञावलीजवळ गाव, तालुका, जिल्हा ही अंगे सी भाषेच्या स्ट्रक्चरमध्ये आधीच विलग होती, तिने ती सांधून एक वाक्य का करावे आणि दुसऱ्याकडून पुन्हा का तोडून घ्यावे? जुळलेले मोडणे आणि मोडलेले जुळवणे या उलाढालीत मूळ सीमा हरवतात.

या दोषाचे खापर युनिक्सवर फोडणे न्याय्य नव्हे. 1979 साली सातव्या आवृत्तीबरोबर बोर्न यांचे शेल आले, त्याच आवृत्तीत ‘एक्झेकव्हीई’ ही प्रणालीची हाकही होती. ती मूल्यांची यादी घेते. यादीतील प्रत्येक मूल्य शून्य बाइटाने संपते आणि मोकळी जागा हे तिच्या दृष्टीने इतरांसारखेच एक अक्षर असते. सीमा राखण्याची सोय होती. लिहिण्यास सोपे म्हणून लोक ‘सिस्टिम’कडे वळले, इतकेच.

मूल्याभोवती अवतरणचिन्हे घातली की भागते, असे सर्रास सांगितले जाते. हे समाधान अपुरे आहे. मूल्यातच एकेरी अवतरणचिन्ह आले तर कुंपण आतूनच मोडते, आणि पुढे अर्धविराम असेल तर त्यानंतरचा मजकूर माहिती न राहता स्वतंत्र आज्ञा बनतो. (देवनागरी अक्षरे स्वतः येथे निरुपद्रवी आहेत. यूटीएफ-8 मध्ये प्रत्येक अक्षराचे तीन बाइट होतात आणि त्यांपैकी एकही शेलच्या विशेष चिन्हांशी जुळत नाही. उपद्रव होतो तो मोकळ्या जागेचा व विरामचिन्हांचा.) शेल अपरिहार्यच असेल, तर आज्ञेचा पाठ अक्षरशः स्थिर ठेवून मूल्ये त्यापुढील स्वतंत्र स्थानी द्यावीत आणि पाठात दुहेरी अवतरणात डॉलर-एक, डॉलर-दोन असा त्यांचा निर्देश करावा. तेव्हा शेल मूल्य वाचते, पण त्याचा पदच्छेद करीत नाही. मूल्याचा आरंभ आडव्या रेघेने झाला तर आज्ञा त्यास पर्याय समजेल, हा धोका मात्र उरतोच. तो टाळण्यासाठी बहुतेक आज्ञांना मूल्यांपूर्वी दोन आडव्या रेघा द्याव्या लागतात.

यादी सपाट असते, ही तिची खरी मर्यादा. तालुक्याखाली गावे आणि गावांखाली वाड्या अशी उतरंड तीत मावत नाही. ती उतरंड वातावरणातील चलांत कोंबण्याचा मोह घातक ठरतो. बॅश या शेलने फंक्शनच्या व्याख्या अशाच चलांतून पोहोचवण्याची सोय ठेवली होती. व्याख्येपुढील मजकूरही ते निमूटपणे आज्ञा म्हणून चालवीत असे. हा दोष सुमारे पंचवीस वर्षे नांदला आणि सप्टेंबर 2014 मध्ये ‘शेलशॉक’ या नावाने उघड झाला. त्यापेक्षा उतरंड जेसन रूपात प्रमाण आदानावाटे पाठवावी आणि 2012 पासून उपलब्ध असलेल्या ‘जेक्यू’सारख्या साधनाने ती उलगडावी, हे श्रेयस्कर. केवळ नावांची लांब यादी असेल तर शून्य बाइटाने विलग केलेला प्रवाह पुरतो. ‘फाइंड’ व ‘एक्सआर्ग्ज’ यांतील ही रूढी 2024 च्या पॉसिक्स प्रमाणकाने मान्य केली आहे.

विंडोजची स्थिती याहून बिकट आहे. तेथे नव्या प्रक्रियेला एकच सलग ओळ मिळते आणि पदच्छेद ज्याचा त्याने करावयाचा असतो. यादी घेणारे फंक्शन वरकरणी सुरक्षित दिसले, तरी आत ती यादी सांधलीच जाते. एप्रिल 2024 मध्ये रस्ट भाषेच्या प्रमाण ग्रंथालयात बॅच फाइली चालवण्याबाबत जी त्रुटी आढळली, ती याच सांध्यावरची होती. अशा ठिकाणी ‘नांदगाव खंडेश्वर’ अखंड पोहोचेल की नाही, हे पाठवणाऱ्याच्या हाती राहत नाही. ते ग्रहण करणारी आज्ञा कोणत्या नियमाने ओळ तोडते यावर ठरते.