खाचेतली मोकळी जागा

अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने २१ नोव्हेंबर १९३९ रोजी मंजूर केलेल्या पेटंट क्रमांक २१८०७९५ चं शीर्षक एका शब्दाचं आहे: पॅकिंग. अर्ज २ ऑक्टोबर १९३७ चा. अर्जदार नील्स ख्रिस्टेन्सेन तेव्हा ७२ वर्षांचे होते. त्यांनी त्यात जे वर्णिलं आहे, ते आज आपण ओ-रिंग म्हणून ओळखतो. नळाच्या आत, पंपात, ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये, मोटारसायकलच्या इंजिनात, सगळीकडे ती असते. दुकानात ती काही रुपयांना मिळते आणि बिघडल्याखेरीज कोणी तिच्याकडे पाहत नाही. तिचा मूळ लेख मात्र थांबून, ओळीओळीने वाचावा इतका सुंदर आहे.

पेटंट हा लेखनप्रकार कडक नियमांचा. त्या व्यवसायातल्या जाणत्या कारागिराला केवळ मजकूर वाचून वस्तू बनवता आली पाहिजे, अशी कायद्याची अट असते. आकृतीतल्या प्रत्येक भागाला क्रमांक, मजकुरात त्या क्रमांकांचा उल्लेख, आणि शेवटी दावे. प्रत्येक दावा कितीही लांबला तरी एकाच वाक्यात बसवायचा. इथे शोभेच्या शब्दाला जागा नाही. पण लिहिणाऱ्याला आपली वस्तू किती खोलवर कळली आहे, हे अशा लेखनात लपूनही राहत नाही. ज्याला वस्तू अर्धवट कळली आहे तो भागांची यादी देतो. ज्याला पूर्ण कळली आहे तो ते भाग एकमेकांशी कसे वागतात हे सांगतो. ख्रिस्टेन्सेन दुसऱ्या जातीचे लेखक आहेत.

ते मूळचे ब्रेकवाले. जन्म १८६५ चा, डेन्मार्कमधला. १८९१ मध्ये अमेरिकेत आले आणि विजेच्या ट्रॅमसाठी एअर ब्रेक घडवून नावारूपाला आले. पुढे क्लीव्हलंडमध्ये राहून त्यांनी हायड्रॉलिक ब्रेकवर काम केलं. १९३७ चा अर्ज म्हणजे आपल्याच आधीच्या अर्जाचा पुढचा भाग आहे, असं तेच नमूद करतात. तो आधीचा अर्ज २९ डिसेंबर १९३३ चा, आणि त्याचं नावच हायड्रॉलिक ब्रेक. म्हणजे हे रबराचं कडं ब्रेकच्या सिलिंडरमध्ये जन्मलं. हे लक्षात ठेवून वाचलं की लेखातली निकड समजते. ब्रेकमध्ये गळती ही गैरसोय नसते, ती अपघाताची सुरुवात असते.

प्रश्न जुनाच होता. सिलिंडरमध्ये पिस्टन मागेपुढे सरकायचा, तर दोघांमध्ये बारीक फट हवीच. फट ठेवली की दाबाखालचं तेल तिच्यातून निसटणार. यावर पिढ्यान्‌पिढ्या दोन उपाय चालत आले होते. एक चामड्याचं, वाटीच्या आकाराचं वायसर. सायकलच्या पंपात ते आपण पाहिलेलं आहे. दुसरा ग्लँड डोरीचा: दांड्याभोवती डोरी गुंडाळायची आणि नट आवळून ती दाबून बसवायची. डोरी आवळली की गळती थांबते, पण दांडा जड चालतो, घासतो, तापतो. सैल केली की हलका चालतो आणि थेंब सुटतात. पंपावर काम करणाऱ्या कोणत्याही फिटरला ही ओढाताण ठाऊक आहे. घर्षण आणि गळती यांच्यात रोज नवा समझोता करावा लागतो आणि तो टिकत नाही, कारण डोरी झिजत जाते.

ख्रिस्टेन्सेन यांची आकृती पाहिली तर पहिल्या नजरेला त्यात काहीच नाही. पिस्टनच्या अंगावर चौकोनी छेदाची एक खाच आणि तिच्यात भरीव रबराचं, गोल छेदाचं एक कडं. नट नाही, स्प्रिंग नाही, आवळायची सोय नाही. सगळी कला मापांत आहे. खाचेची खोली कड्याच्या जाडीपेक्षा थोडी कमी, त्यामुळे पिस्टन सिलिंडरमध्ये गेला की कडं किंचित चेपलं जातं. पिस्टनच्या लांबीच्या दिशेने मात्र खाच कड्याच्या जाडीपेक्षा चांगली ऐसपैस ठेवलेली, सुमारे दीडपट. म्हणजे कडं एका दिशेने दाबलेलं आणि दुसऱ्या दिशेने मोकळं. जे बूच घट्ट बसायला हवं, त्याला हलायला जागा दिलेली!

या मोकळ्या जागेतच सगळा शोध आहे. दाबाखालचं तेल फटीतून खाचेत शिरतं आणि कड्याला पलीकडच्या भिंतीकडे ढकलतं. कडं सरकतं, त्या भिंतीला टेकतं आणि पुढे जायला वाट नसल्यामुळे आकार बदलून पसरतं: बाहेर सिलिंडरकडे, आत खाचेच्या तळाकडे. तेल जितक्या जोराने निसटू पाहील, तितक्या जोराने तेच कड्याला आपल्या वाटेत दाबून बसवतं. वाऱ्याने स्वतःच्याच जोराने बंद केलेल्या दारासारखं हे आहे. दार लावणारा दुसरा कोणी नसतोच.

इथे रबराचा स्वभाव समजून घ्यायला हवा. रबर दाबलं की ते आक्रसतं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात त्याचं घनफळ जवळजवळ तेवढंच राहतं, फक्त आकार बदलतो. या बाबतीत ते अतिशय दाट द्रवासारखं वागतं आणि एका बाजूने मिळालेला दाब सगळीकडे पोचवतं. म्हणून तेलाचा दाब कड्यातून जसाच्या तसा सिलिंडरच्या भिंतीवर जातो. त्यात सुरुवातीच्या चेपणुकीचा थोडा दाब आधीच असतो. बेरीज केली तर कड्याचा भिंतीवरचा दाब तेलाच्या दाबापेक्षा नेहमीच थोडा जास्त भरतो. दाब दहापट करा, तो फरक उरतोच. मला या लेखातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते. यंत्राला सावध राहायला सांगावं लागत नाही; संकट जेवढं वाढतं तेवढाच प्रतिकार आपोआप वाढतो, आणि संकट ओसरलं की घर्षणही कमी होतं. ग्लँड डोरीची ती रोजची ओढाताण इथे संपते.

आणि हेच स्वभाववैशिष्ट्य खाच ऐसपैस का हवी तेही सांगतं. रबर आक्रसत नसेल तर त्याला पसरायला रिकामी जागा द्यावीच लागते. खाच काठोकाठ भरेल एवढं कडं बसवलं, तर तेलाने किंवा उष्णतेने फुगलेलं रबर जाणार कुठे? ते भिंतीला करकचून धरेल, पिस्टन अडेल, कडं फाटेल. नवख्या माणसाला जे ढिलं काम वाटेल, तीच इथली शिस्त आहे.

गोल छेदाचं कडं ही कल्पना काही ख्रिस्टेन्सेन यांची एकट्याची नव्हे. स्वीडनमध्ये १८९६ सालीच जे. ओ. लुंडबर्ग यांना अशा कड्याचं पेटंट मिळालं होतं. मग १९३९ च्या पेटंटाला श्रेय कशाचं? माझ्या मते नात्याचं. कडं आणि खाच यांची मापं परस्परांशी कशी जुळवली तर सरकत्या पिस्टनवरही गळती थांबते आणि कडं टिकतं, हे त्यांनी नेमकं मांडलं. अनेकांच्या हातात असलेल्या वस्तूला तिचं घर त्यांनी दिलं.

कडं टिकण्याबद्दल त्यांनी जे म्हटलं आहे तो भाग वाचताना मी प्रत्येक वेळी रेंगाळतो. पिस्टन थोडा सरकला की कडं खाचेत नुसतं घासत नाही, ते जरासं गडगडतं, आणि या गडगडण्याने रबर सतत मळलं जातं. मळलं गेल्यामुळे ते जिवंत आणि लवचीक राहतं, नुसत्या घासण्याने होणारी इजा टळते आणि त्याचं आयुष्य वाढतं, असं त्यांचं म्हणणं. हालचालीने झिजण्याऐवजी हालचालीनेच निरोगी राहणारी वस्तू! पेटंटाच्या कोरड्या चौकटीत ही कल्पना एकदम उजळून निघते.

पण रसग्रहण म्हणजे स्तुतिपाठ नव्हे. लेखातलं हे सर्वांत मोहक विधानच पुढच्या अनुभवाने दुरुस्त केलं. चांगल्या रीतीने काम करणारी ओ-रिंग बहुतांशी सरकते, गडगडत नाही. उलट लांब पल्ल्याच्या हालचालीत कड्याचा काही भाग सरकला आणि काही गडगडला, तर कड्याला पीळ पडतो आणि त्यावर गोल फिरत गेलेल्या तिरक्या चिरा दिसू लागतात. आजचे अभियंते हा बिघाड त्या चिरांवरूनच ओळखतात. ख्रिस्टेन्सेन यांनी रचना अचूक केली. तिच्या यशाचं एक कारण मात्र हवं त्यापेक्षा जास्त काव्यमय दिलं. रचनेला त्याने बाध येत नाही. खाचेचं गणित आजही तेच आहे.

दुसरी मर्यादाही सांगायला हवी. साधारण १५०० पौंड प्रति चौरस इंच, म्हणजे शंभरेक बारच्या पुढे, दाब इतका होतो की रबराचा काठ पिस्टन आणि सिलिंडरमधल्या फटीत घुसून कुरतडला जातो. मग कड्यामागे टणक पदार्थाची आधाराची चकती बसवावी लागते. पूर्वी ती चामड्याची असे, आता टेफ्लॉनची असते. जुन्या चामड्याला नव्या रबराच्या पाठीशी उभं राहायचं काम मिळालं, हे मला आवडतं.

त्यांच्या चाचणीची नोंद तर वेगळी वाचावी. कडं बसवलेला पिस्टन साडेनऊ इंचांच्या फेऱ्या मारत राहिला. दाब शून्यापासून ६०० पौंड प्रति चौरस इंचापर्यंत चढवला-उतरवला जात होता. फेऱ्या झाल्या २७ लाख ९० हजार. गुणाकार करून पाहा: ४१८ मैल, म्हणजे ६७३ किलोमीटर. चोवीस सेंटिमीटरच्या जागेत, एका रबरी कड्याने केलेला हा प्रवास. विशेषणं वापरायची मुभा नसलेल्या माणसाने आपल्या वस्तूबद्दलचा विश्वास असा आकड्यांत मांडला आहे.

काळही अनुकूल होता. नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगतं आणि सैल पडतं, त्यामुळे तेलाच्या यंत्रात ते फार काळ तग धरत नाही. पण ड्यूपाँ कंपनीने १९३१ मध्ये निओप्रीन जाहीर केलं होतं आणि जर्मनीत नायट्राइल रबर तयार झालं होतं. तेलाला दाद न देणारं हे कृत्रिम रबर मिळालं नसतं तर खाचेची कल्पना एवढी दूरवर पोचली नसती. रचना आणि रसायन एकाच दशकात भेटली.

मग दुसरं महायुद्ध आलं. ख्रिस्टेन्सेन आपलं कडं घेऊन ओहायोमधल्या राइट फील्डला, अमेरिकेच्या लष्करी विमानदलाकडे गेले. विमानाची चाकं उचलणाऱ्या-सोडणाऱ्या हायड्रॉलिक यंत्रणेसाठी ते पसंत पडलं. युद्धासाठी अत्यावश्यक म्हणून सरकारने पेटंटाचे हक्क ताब्यात घेतले आणि अनेक कारखान्यांना उत्पादनाची परवानगी दिली. ख्रिस्टेन्सेन यांना एकरकमी ७५ हजार डॉलर मिळाले. सरकारचा निर्णय त्या वेळी समजण्यासारखा होता, पण मोबदला शोधाच्या मानाने तोकडाच होता, असं मी स्पष्ट म्हणेन.

ओ-रिंगचं नाव जगभर घराघरांत पोचलं ते मात्र २८ जानेवारी १९८६ ला, चॅलेंजर या अमेरिकी अंतराळयानाच्या अपघाताने. बूस्टर रॉकेटच्या तुकड्यांमधल्या सांध्यात रबरी कडी होती. पहाटेच्या थंडीबद्दल आदल्या रात्री रॉजर बॉइस्जॉली आणि त्यांच्या सहकारी अभियंत्यांनी इशारा दिला होता. तो मानला गेला नाही. सात जणांचे प्राण गेले. चौकशीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्याच रबराचा तुकडा चिमट्यात आवळून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि चिमटा सोडल्यावरही तो काही क्षण पूर्ववत होत नाही हे सर्वांसमोर दाखवलं. १९३९ चं पेटंट शेजारी ठेवून हे वाचलं की दोन गोष्टी डोळ्यांत भरतात. ख्रिस्टेन्सेन यांच्या सिलिंडरमध्ये फटीचं माप धातूने पक्कं केलेलं असतं आणि हलायची मुभा कड्याला असते. इथे रॉकेट पेटताच दाबाने पोलादी कवच फुगलं आणि फटच रुंदावू लागली. कड्याला तिच्यामागे धावायचं होतं. आणि धावण्यासाठी जो जिवंतपणा रबरात लागतो, तो थंडीने गोठला होता. ज्या दोन गुणांवर मूळ लेख उभा आहे, ते दोन्ही त्या सकाळी नव्हते.

ख्रिस्टेन्सेन १९५२ मध्ये वारले. पेटंटावरून चाललेल्या खटल्यानंतर १९७१ साली त्यांच्या वारसांना एक लाख डॉलर मिळाले. पेटंटाची मुदत केव्हाच संपली असून मूळ लेख आकृत्यांसह कोणालाही इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो. तो वाचताना आधी आकृती पाहा, कड्याभोवतीची मोकळी जागा नजरेत भरू द्या आणि मगच मजकुराकडे वळा.