बारामती व इंदापूर येथील म्युनिसिपालिट्या : पुणें ग्याझेटियरच्या नोंदींचें परीक्षण

बारामती आणि इंदापूर या दोन्ही गांवांच्या नगरपालिका आपली स्थापना इ. स. १८६५ सालची सांगतात, आणि मुंबई ग्याझेटियरच्या पुणें जिल्ह्यावरील अठराव्या खंडांत तेंच साल दिलेलें आहे. सालाविषयीं आमचा वाद नाहीं. वाद आहे तो त्या सालाचा जो अर्थ लावला जातो त्याविषयीं. कोणी लिहितो कीं, १८६५ सालीं या गांवांत स्थानिक स्वराज्य अवतरलें. कोणी उलट असें ठरवून मोकळा होतो कीं, १८८४ पर्यंतच्या या कमिट्या म्हणजे कलेक्टरच्या कचेरीचीच एक खोली. त्यांचा इतिहास तो काय असणार? दोन्ही मतें परस्परविरुद्ध दिसलीं तरी त्यांचा आधार एकच, म्हणजे ग्याझेटियरांतील त्या चार ओळी. त्या ओळी किती भार सोसूं शकतात, हें पाहाण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

ग्याझेटियरचे संपादक कॅम्बेल साहेब यांच्या कामाविषयीं आमच्या मनांत आदर आहे. १८८५ सालीं तीन भागांत निघालेला पुणें खंड हाताशीं नसता तर या जिल्ह्याविषयीं लिहिणाऱ्यांची मोठी तारांबळ उडाली असती. परंतु त्या ग्रंथाचा सांचा राज्यकारभाराच्या सोयीसाठीं पाडलेला आहे. पुणें शहराच्या वर्णनास शंभराहून अधिक पृष्ठें मिळतात, आणि बारामती-इंदापुरास प्रत्येकीं एक लहानसें टिपण. त्या टिपणांत म्युनिसिपालिटीच्या स्थापनेचें साल, १८८२-८३ या एका वर्षाचें उत्पन्न व खर्च, आणि उत्पन्न मुख्यत्वें जकातीचें, एवढाच मजकूर येतो. कोणत्या कायद्यान्वयें स्थापना झाली, सभासद कोण, त्यांना कोणी नेमलें, कशावर किती जकात बसविली, कोणता ठराव कोणी हाणून पाडला, यांचा तेथें पत्ता नाहीं. जें दिलें आहे तें खरें. पण जें दिलें नाहीं तें घडलेंच नाहीं, असें मात्र त्यावरून ठरत नाहीं.

आधीं आंकड्यांविषयीं थोडेंसें. ग्याझेटियरांत रकमा पौंडांत देऊन शेजारीं कंसांत रुपये दिलेले असतात, आणि हिशेब दहा रुपयांस एक पौंड असा सरसकट धरलेला असतो. म्हणजे रुपया दोन शिलिंगांचा. प्रत्यक्षांत १८८२-८३ सालीं रुपयाचा भाव एक शिलिंग साडेसात पेन्सांच्या आसपास उतरला होता. तेव्हां जेथें ग्याझेटियर हजार रुपयांचे शंभर पौंड करितो, तेथें बाजारभावानें एक्याऐशीं पौंडच होतात. जो लेखक पौंडांचा आंकडा उचलून विलायतेंतील किंवा अमेरिकेंतील गांवांच्या उत्पन्नाशीं तुलना करावयास बसेल, तो आरंभींच पांचवा हिस्सा जास्त धरून चालेल. रुपयाचा आंकडा घ्यावा व पौंडास हात लावूं नये, हें बरें.

आतां १८६५ या सालाकडे वळूं. मुंबई शहराच्या बाबतींत हें साल प्रसिद्ध आहे; त्या वर्षींच्या दुसऱ्या कायद्यानें तेथें म्युनिसिपल कमिशनरची जागा निर्माण झाली, आर्थर क्रॉफर्ड साहेब तीवर आले, आणि त्यांच्या अफाट खर्चामुळें १८७१ सालीं करदात्यांनीं जी हालचाल केली तींतून १८७२ चा कायदा व मुंबईची निवडणूक निघाली. सालाच्या सारखेपणामुळें कांहीं लेखक बारामतीच्या १८६५ स हाच रंग देतात. तो चुकीचा आहे. मुंबईचा कायदा मुंबईपुरता. मोफसल गांवांत त्या वेळीं लागू होता तो सन १८५० चा सव्विसावा कायदा. त्याची रीत अशी कीं, गांवच्या रहिवाशांनीं सरकारकडे अर्ज करावा, सरकारनें जाहिरात काढून हरकती ऐकाव्या, आणि बहुमत अनुकूल दिसल्यास म्याजिस्ट्रेट व गांवचे कांहीं गृहस्थ मिळून कमिटी नेमावी. रस्ते, गटारें, तळीं, दिवाबत्ती व पहारा हीं कमिटीचीं कामें. पैसा उभारण्यास घरपट्टी, जकात अथवा अन्य कर. बंगाल्यांतील १८४२ चा असाच कायदा केवळ प्रत्यक्ष करावर उभारल्यामुळें बसला, आणि १८५० च्या कायद्यानें जकातीची वाट मोकळी करून दिल्यामुळें तो मुंबई इलाख्यांत चालला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. घरपट्टी घरधन्याच्या उंबऱ्याशीं येऊन मागावी लागते. जकात नाक्यावर मिळते, आणि ती गाडीवान भरतो.

म्हणून १८६५ सालीं येथें स्वराज्य आलें नाहीं हें खरें, पण नुसता हुकूमही आला नाहीं. अर्ज, जाहिरात व हरकती ही पायरी कायद्यानेंच घातलेली होती. अर्जावर सह्या करणारे, हरकत घेणारे व पुढें कमिटींत बसणारे हे तीन जथे कोणते, हा संशोधकानें विचारावयाचा पहिला प्रश्न. ग्याझेटियर त्याचें उत्तर देत नाहीं. कारण तो प्रश्न त्याचा नव्हे.

जकातीचा मुद्दा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्या कमिटीचें पोट आठवड्याच्या बाजारावर भरतें तिचा इतिहास बाजाराच्या इतिहासापासून तोडून लिहितां येत नाहीं. १८६५ सालच्या एप्रिलांत अमेरिकेंतील यादवी युद्ध संपलें आणि कापसाचे भाव कोसळले. चार वर्षें दख्खनच्या बाजारांत जो पैसा खेळत होता तो आटूं लागला. म्हणजे या दोन्ही कमिट्या तेजीच्या अगदीं शेवटच्या टोंकावर जन्मल्या. इंदापूर तालुका तर बंदोबस्ताच्या इतिहासांत प्रसिद्धच. गोल्डस्मिड व विंगेट यांची पाहणी १८३५-३६ सालीं तेथूनच सुरू झाली. त्या बंदोबस्ताची तीस वर्षांची मुदत संपून १८६७ च्या सुमारास फेरआकारणी झाली, ती तेजीच्या भावांकडे पाहून, आणि सारा निम्म्याहून अधिक चढला. त्याच शेतकऱ्याची गाडी बाजारच्या दिवशीं इंदापूरच्या वेशीशीं थांबत होती. सारा सरकारचा व जकात कमिटीची, एवढाच भेद, देणारा एकच. सारावाढीचा इतिहास लिहिणारे नाक्याचा उल्लेख करीत नाहींत, आणि म्युनिसिपालिटीचा इतिहास लिहिणारे साऱ्याचा करीत नाहींत.

पुढें १८७५ सालच्या मे महिन्याच्या १२ तारखेस भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें सावकारांविरुद्ध दंगा झाला व तेथून आसपासच्या तालुक्यांत पसरला. रोखे व खतें हस्तगत करून जाळणें हें त्या दंग्यांचें मुख्य लक्षण. सुपें बारामतीपासून दूर नाहीं, आणि बारामती त्याच भीमथडी तालुक्यांतील मोठी पेठ. ग्याझेटियरांत सावकारीची व दंग्यांची हकीकत दुसऱ्या भागांत आणि बारामतीची म्युनिसिपालिटी तिसऱ्या भागांत आहे. वाचकाच्या मनांतही तीं तशींच दोन कप्प्यांत राहतात. आमची सूचना अशी कीं, दंग्यांच्या चौकशी कमिशनचे कागद आणि कमिटीच्या सभासदांच्या नेमणुकांचे कागद एकाच मेजावर मांडून वाचावे. पेठेंत पतदार म्हणून सरकारनें कोणास ओळखलें, हें दोहोंतून दोन अंगांनीं दिसेल.

दंग्यांमागोमाग १८७६ पासूनचा दुष्काळ आला. येथें आंकड्यांच्या वाचनांत एक फसगत संभवते. जकातीचें उत्पन्न वाढलें म्हणजे गांव भरभराटलें, असा सर्वसाधारण समज. परंतु शिवारांत पिकलेंच नाहीं व धान्य आगगाडीनें दिकसाळ अथवा धोंड स्टेशनावर उतरून गाड्यांनीं गांवांत येऊं लागलें, म्हणजे घरच्या कणगींतून जें बिनजकातीचें खाल्लें जात होतें त्यावरही जकात बसते. दुष्काळांतील वाढता आंकडा हा उपासमारीचाही पुरावा असूं शकतो. उत्पन्नाची ओळ वाचतांना शेजारीं पावसाची ओळ ठेविल्याशिवाय तिचा अर्थ लावूं नये.

याच कारणास्तव १८८२-८३ चा एकच आंकडा सबंध शतकास चिकटविणें बरोबर नव्हे. त्यानंतर दोन-तीन वर्षांत नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी या मुलखांत खेळूं लागलें. ग्याझेटियर छापून निघाला तो नेमका या बदलाच्या उंबरठ्यावर. त्याला पुढचें दिसणें शक्यच नव्हतें. इंदापूर हा पुणें-सोलापूर रस्त्यावरील जुना मुक्काम; लोहमार्ग १८६० सालीं सोलापुरास पोंचला तो या गांवास बाजूला टाकून. १९०१ च्या खानेसुमारींत बारामतीची वस्ती ९,४०७ व इंदापूरची ५,५८८ भरली. बारामतीस धोंडाहून आगगाडी आली ती १९१४ सालीं. एका वर्षीं जन्मलेल्या दोन कमिट्यांच्या वाटा इतक्या फांकल्या असतां त्यांस एकाच वाक्यांत बसविण्याची संवय लेखकांनीं सोडली पाहिजे.

आतां दुसऱ्या पक्षाकडे, म्हणजे या कमिट्या मुक्या होत्या असें म्हणणाऱ्यांकडे. १८७३ च्या सहाव्या कायद्यानें मोफसल म्युनिसिपालिट्यांचे सिटी व टाउन असे दोन वर्ग केले. सिटीस किमान दहा हजार वस्ती हवी, टाउनास दोन हजार पुरे. आमचीं दोन्ही गांवें टाउन वर्गांत पडलीं. तेथें कलेक्टर अध्यक्ष, कामगार लोक अधिकारपरत्वें सभासद, व बाकीचे सरकारनें नेमलेले. एवढें वाचून टीकाकार म्हणतो, नेमलेला सभासद काय बोलणार ? यास पुण्याचें उदाहरण पुरेसें उत्तर देतें. जोतीराव फुले हे १८७६ ते १८८२ पर्यंत पुणें म्युनिसिपालिटीचे सभासद होते, आणि सरकारनियुक्तच होते. १८८० सालीं लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठीं म्युनिसिपालिटीनें एक हजार रुपये खर्च करण्याचें ठरविलें, तेव्हां त्यांनीं विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लागावा, असें त्यांचें म्हणणें होतें. जमाखर्चाच्या तक्त्यांत हा विरोध कोठें दिसेल ? तेथें फार तर हजार रुपयांची एक बाब दिसेल. तो विरोध कार्यवृत्तांत असतो. सर्वच नेमलेले सभासद असे बाणेदार होते, असा भलताच निष्कर्ष आम्ही काढीत नाहीं. नेमणुकीवरून मौन सिद्ध होत नाहीं, एवढेंच आमचें म्हणणें.

या ठिकाणीं अमेरिकेंतील शहरांकडे एक दृष्टि टाकणें उपयोगी होईल. त्याच काळांत न्यूयॉर्क शहराचा कारभार ट्वीड नांवाच्या पुढाऱ्याच्या टोळीच्या हातीं होता. १८७१ च्या जुलैंत तेथील टाइम्स पत्रानें न्यायमंदिराच्या बांधकामाचीं बिलें हिशेबाच्या वह्यांतून उतरवून छापलीं, आणि टोळी उघडी पडली. बोस्टन शहर तर आपल्या कौन्सिलाचे कागद वर्षानुवर्षें छापून ठेवीत असे. परिणाम असा कीं, अमेरिकन शहरांच्या कारभाराचा इतिहास लांचलुचपतीनें भरलेला दिसतो व आमच्या गांवांचा इतिहास रिकामा दिसतो. हा भेद पुष्कळ अंशीं कागदांचा आहे, कारभाराचा नव्हे. जेथें वही छापली गेली तेथें दोषही दिसतात व दोष काढणारेही दिसतात. ग्याझेटियरची निर्विकार ओळ कारभाराच्या शुद्धतेचें प्रमाणपत्र नव्हे आणि त्याच्या निर्जीवपणाचेंही नव्हे.

१८८२ च्या मे महिन्यांतील लॉर्ड रिपन यांचा ठराव व त्यावरून १८८४ सालीं झालेला मुंबईचा दुसरा कायदा यांनीं निवडणुकीचें तत्त्व आणलें, पोलिसांच्या खर्चाचा बोजा उतरविला, आणि दवाखाने व प्राथमिक शिक्षण हीं कामें म्युनिसिपालिट्यांकडे दिलीं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें या सुधारणेसाठीं खटपट केली होती, आणि रानडे यांनीं विलायतेंतील व हिंदुस्थानांतील स्थानिक कारभारावर स्वतंत्र निबंधही लिहिला. या सुधारणेचें महत्त्व कमी करण्याचें कारण नाहीं. पण एक विसंगति तींत राहूनच गेली, आणि ती आमच्या दोन गांवांसारख्या बाजारपेठांत विशेष तीव्र होती. मताचा हक्क मालमत्ता, कर व शिक्षण यांच्या मापानें मिळाला. उत्पन्न मात्र पूर्वीप्रमाणें जकातीचेंच राहिलें. गूळ, धान्य, सरपण घेऊन येणारा खेडूत गांवच्या हद्दीबाहेरचा, आणि तें विकत घेणारा मोलकरी हद्दींतला पण बिनमताचा. ज्यांच्या पैशानें दिवे लागले त्यांतील फार थोड्यांस दिवे कोठें लावावे हें सांगण्याचा हक्क होता. १८८४ हें साल स्वराज्याचा आरंभ म्हणून सांगणारांनीं ही गोष्ट गाळून चालणार नाहीं.

तेव्हां या गांवांचा म्युनिसिपल इतिहास लिहावयाचा तर ग्याझेटियर शेवटीं उघडावा, आरंभीं नव्हे. आरंभीं पाहावयाचे ते सभांचीं कार्यवृत्तें, नेमणुकांचे हुकूम, जकातीचे दरपत्रक व परताव्याचे अर्ज, आणि तालुका कचेरींतील मोडी दप्तर. यांपैकीं परताव्याचे अर्ज हे क्षुल्लक समजले जातात. वस्तुतः माल गांवांत खपला कीं नुसता गांवांतून पुढें गेला, या एका प्रश्नावर व्यापारी व कमिटी यांचा खरा झगडा असे, आणि जकात हा परगमनाचा कर होऊं नये अशी ताकीद हिंदुस्थान सरकारासही द्यावी लागली होती. महाराष्ट्रांतील नगरपरिषदांच्या हद्दींतील जकात १९९९ सालीं उठली. नाके गेले, आणि नाक्यांवरील वह्या रद्दीच्या भावानें जाण्यास तेव्हांपासून कोणाची हरकत उरलेली नाहीं. मंडळाच्या ज्या सभासदांचें बारामती व इंदापूर येथें जाणें-येणें आहे त्यांनीं दोन्ही कचेऱ्यांतील जुन्या कपाटांची यादी करून पाठविल्यास ती या त्रैमासिकांत छापण्यास योग्य होईल. यादींत जकातीच्या वह्या आधीं घ्याव्या.